विनेशची चूक

बुधाजी सर आठवीच्या वर्गात वर्गमूळ शिकवायला लागले की पलीकडच्या मिठागरात राबणाऱ्या बायकांनाही वर्गमूळ यायला लागायचं, असं गावात म्हणत. यात थोडी थाप आहे. पण त्यांचा आवाज शाळेच्या कुंपणात मावत नव्हता, हे मात्र खरं. उरणच्या या पट्ट्यात म्हात्रे इतके, की 'म्हात्रे सर' म्हटलं तर चार माणसं वळून बघतील. म्हणून ते सगळ्यांचे बुधाजी सर. निवृत्त झाले तरी शाळेत जात राहिले, कारण त्यांच्या जागी गणिताचा दुसरा शिक्षक काही आला नाही. फुकट शिकवायचे आणि वर पोरांना चिंचेच्या गोळ्या वाटायचे.

मग गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, माणूस ठणठणीत उठला, पण आवाज गेला. गेला म्हणजे अगदी गेला नाही. कुजबूज उरली. एका माणसाला कानाशी जाऊन सांगता येईल इतकी. वर्गाला ती कशी पुरणार? सरांनी एक दिवस प्रयत्न केला. मागच्या बाकावरची पोरं पहिल्यांदा शांत बसली, मग कंटाळली, मग आपापसात बोलू लागली. पोरांचा काही दोष नव्हता. सर घरी आले आणि पुन्हा गेले नाहीत.

"लगीन झाल्यापून आता कुठं मना बोलाया मिळतंय," असं त्यांची बायको कृष्णाबाई शेजारणींना सांगायची आणि हसायची. घरात मात्र तिचं हसू टिकत नव्हतं. नवरा ओटीवर बसून समोरच्या रस्त्यानं बंदराकडे जाणारे ट्रेलर नुसते बघत राहतो, हे तिला बघवत नव्हतं. तिनंच मुलीला फोन केला. मुलगी मृणाली पनवेलला कॉलेजात शिकवते. "तुज्या बापाला कायतरी काम लाव, न्हायतर तो ट्रेलर मोजून मोजून येडा व्हईल," असं तिला ठणकावून सांगितलं.

मृणाली रविवारी आली ती जुना लॅपटॉप घेऊन. "बाबा, तुम्हाला बोलायला कशाला पाहिजे? तुम्ही धडा लिहा. पोरं शाळेच्या कॉम्प्युटरवर उघडतील, उत्तर टाइप करतील, आणि पान त्यांना जबाब देईल."

"पान कसं काय जबाब देईल?" सर कुजबुजले.

"तुम्ही शिकवाल तसं."

ती एक खुणांची भाषा होती. धड्यातल्या प्रत्येक गोष्टीला टोकदार कंसात नाव द्यायचं. इथे परिच्छेद सुरू, इथे संपला. इथे प्रश्न सुरू, इथे संपला. जे उघडलं ते बंद केलंच पाहिजे, नाहीतर सगळं पान लाल होऊन ओरडतं. आयुष्यभर फ्रिजचं दार उघडं टाकणाऱ्या माणसाला हे शिकायला जरा वेळ लागला. कृष्णाबाईला ते लाल पान फार आवडलं. "ह्याचा आयकतात, माजा कवा आयकला न्हाय," ती म्हणाली.

पण सर त्या भाषेच्या प्रेमात पडले ते यंत्राला बैजिक राशी कळतात म्हणून. उत्तर x² + 9 लिहा नाहीतर 9 + x² लिहा, ते दोन्ही एकच धरायचं. अक्षरं नाही, राशी ओळखायचं. सरांनी एक अख्खी सकाळ त्याला फसवण्यात घालवली. (x + 3)² चा विस्तार करा, असा प्रश्न दिला आणि उत्तराच्या चौकटीत (x + 3)² असंच टाकलं. यंत्र म्हणालं, बरोबर! सर खुर्चीतून उठलेच. प्रश्नच उत्तर म्हणून परत देणारी पोरं त्यांनी जन्मभर पकडली होती आणि हे बेणं त्यांना शाबासकी देत होतं. मग त्यांनी शोधून शोधून ती पळवाट बुजवली. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

पुढची गंमत तर आणखी मोठी होती. या भाषेत राशींची यादी करता येते. एका खुणेच्या पोटात ओळीनं राशी लिहायच्या: पहिली, दुसरी, तिसरी. मग यंत्राला सांगता येतं की पोरानं दिलेलं उत्तर या यादीत कितव्या जागी सापडतंय ते बघ. आणि बाजूला दुसरी यादी ठेवायची, वाक्यांची. राशी पहिल्या जागी सापडली तर पहिलं वाक्य दाखव, दुसऱ्या जागी सापडली तर दुसरं. मृणालीनं हे दाखवलं ते बरोबर उत्तरांसाठी. सरांच्या डोक्यात मात्र भलतंच शिरलं. बरोबर उत्तर काय, एकच असतं. त्याची यादी कसली करायची? यादी करायची तर चुकांची!

आता सरांची एक रीत इथं सांगायलाच हवी. त्यांच्या वर्गात चूक बिनबापाची नसायची. जी चूक वर्गात ज्यानं पहिल्यांदा केली, तिला त्याचं नाव लागायचं आणि ते कायम राहायचं. तीनचा वर्ग सहा, ही हेतलची चूक. वर्ग करायच्या ऐवजी सगळ्याची दुप्पट करून मोकळं व्हायचं, ही निकेतची. हेतल आज सुरतेला दोन पोरांची आई आहे, पण इथली पोरं अजून म्हणतात, "हेतल केलीस बघ."

या सगळ्यांत मोठी चूक विनेशची. (a + b)² म्हणजे a² + b², मधलं पद गायब. विनेश घरत आठवीत असताना ही चूक त्यानं वर्षभर इतक्या निष्ठेनं केली, की ती शाळेबाहेर पडून गावात रुळली. हळदीचं आमंत्रण वरच्या आळीला गेलं, खालच्या आळीला गेलं आणि मधली आळी राहून गेली, तर बायका म्हणणार, "झाली क विनेशची चूक!" ज्यांना बीजगणिताचा ब ठाऊक नाही, त्यांनाही विनेशची चूक ठाऊक आहे.

तर सरांनी धडा लिहिला. प्रश्न (x + 3)² चा. पहिल्या यादीत चार चुकीच्या राशी: विनेशची x² + 9, मग मधलं पद आणलं पण दुप्पट केलं नाही ती x² + 3x + 9, मग हेतलची, शेवटी निकेतची. दुसऱ्या यादीत त्याच क्रमानं चार वाक्यं. आणि वाक्यं म्हणजे काय, साक्षात बुधाजी सर! 'ही विनेशची चूक. x आणि 3 एका घरात राहतात आणि एकमेकांना भेटलेच नाहीत? मधलं पद कोण घालणार, तुझा मामा?' लिहिताना सर स्वतःशी हसत होते. घशातून जे निघत नव्हतं, ते बोटांतून निघत होतं, आणि त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी कृष्णाबाईला मुद्दाम बोलावून ते वाक्य दाखवलं. तिनं चष्मा लावून वाचलं आणि पदर डोळ्याला लावला. "तुमीच बोलल्यासारका वाटतंय," ती म्हणाली.

सर धडा घेऊन शाळेत गेले. मुख्याध्यापिका नेत्राबाई, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. तिच्यापुढं अडचण सरळ होती. गणिताचा शिक्षक मिळत नाही, म्हणून शाळा समिती बाहेरच्या कंपनीचं तयार पॅकेज घ्यायच्या बेतात होती: चकचकीत चित्रं आणि उत्तर बरोबर आलं की वाजणारी शिट्टी. ते एकदा आलं की सरांच्या धड्यांना जागा उरणार नव्हती. निर्णय समितीच्या अध्यक्षाच्या हातात. तो शुक्रवारी येऊन सरांचा धडा बघणार आणि काय ते सांगणार.

नेत्राबाईंनी चौकटीत पहिलीच चूक टाकून बघितली. साहजिकच x² + 9. पडद्यावर वाक्य आलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सर, हे नाव काढा."

"का?"

"अहो, अध्यक्ष कोण आहे?"

अध्यक्ष विनेश घरतच होता. पोरगा आठवीत गणितात बुडाला, पण पुढं न्हावा शेवाच्या बंदरात त्यानं जो ट्रेलर लावला त्याचे आज दहा-बारा झाले होते. शाळेच्या कॉम्प्युटर खोलीतली यंत्रं त्यानंच दिलेली.

"अख्ख्या वर्गासमोर त्याच्या चुकीचा पाढा वाचायचा आणि मग त्याच्याकडेच होकार मागायचा?" नेत्राबाई म्हणाल्या. "तुमच्याच भल्यासाठी सांगते सर. दुसरी नावं कुणाची आहेत ती राहू द्या, एवढं एक काढा."

यादीतल्या दुसऱ्या चुकीवर नेत्राचंच नाव होतं, पण बाईंनी पुढची चूक टाकून बघितली नव्हती आणि सरही गप्प राहिले. गावात नेत्रा काय एकच आहे?

घरी येऊन त्यांनी लॅपटॉप उघडला. दुसऱ्या यादीतून विनेशचं वाक्य काढलं. त्याच्या जागी बिननावाचं एखादं वाक्य घालायचं होतं. 'मधले पद राहिले आहे. पुन्हा प्रयत्न करा.' सरांनी ते लिहिलं आणि वाचलं. हे बुधाजी म्हात्रे बोलतोय की बँकेचं मशीन? पुसून टाकलं. दुसरं लिहिलं, तेही पुसलं. विनेशशिवाय त्या चुकीला तोंडच नव्हतं. सरांना राग आला: विनेशवर नव्हे, नेत्रावरही नव्हे, हे जे आवाज गेल्यापासून दर गोष्टीसाठी कुणाची तरी मर्जी सांभाळावी लागत होती, त्यावर. तेवढ्यात कृष्णाबाईनं जेवायला हाक मारली. जेवून उठल्यावर लिहू, असं म्हणून त्यांनी झाकण बंद केलं. बोंबलाचं कालवण झालं होतं, जेवण जड झालं, डोळा लागला, आणि ते वाक्य लिहायचं राहिलं ते राहिलंच.

राशींच्या यादीत चार राशी आणि वाक्यांच्या यादीत तीनच वाक्यं. म्हणजे विनेशच्या चुकीला नेत्राचं वाक्य, नेत्राच्या चुकीला हेतलचं, हेतलच्या चुकीला निकेतचं, आणि निकेतला तर काहीच नाही. विनेशची चूक वर्गात शिकवून शिकवून दमलेल्या माणसानं स्वतः पहिलंच पद गाळलं होतं!

शुक्रवारी कॉम्प्युटर खोलीत आठवीची पोरं दोघं-दोघं करून बसली. विनेश पांढऱ्या शर्टात आला, सरांच्या पाया पडला आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसला. नेत्राबाई दाराशी उभ्या. सर फळ्याजवळ, हात मागे बांधून. बोलायचं तर काहीच नव्हतं, आज पान बोलणार होतं. हे जमलं नाही तर आपण परत त्या ओटीवर, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पोरांनी प्रश्न वाचला, टाइप केलं, आणि बहुतेकांनी, अर्थातच, x² + 9 लिहिलं.

पुढच्या बाकावरच्या कल्पितानं पडद्यावरचं मोठ्यानं वाचलं: "ही नेत्राची चूक. मधलं पद आणलंस, शाबास, पण त्याची दुप्पट कोण करणार, तुझा मामा?"

एकदम सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. नेत्राबाईंचा चेहरा कोकमासारखा लाल झाला.

"सर, पर मी मधला पद आनलाच न्हाय!" कल्पिता ओरडली. "दुप्पट कशाची करू?"

"माजा बघा सर!" पलीकडून दुसरा. "तीनचा वर्ग सहा कसा, असा इचारतंय. मी नऊच लिवलाय!"

"आमचा तर कायच बोलत न्हाय!"

खोलीत एकच गोंधळ उडाला. सरांना एका नजरेत कळलं काय झालंय ते. यादी एका घरानं सरकली होती. एक वाक्य बोलून गोंधळ थांबवता आला असता. पूर्वी एक 'गप्प!' पुरला असता. त्यांनी तोंड उघडलं आणि घशातून नुसती हवा निघाली. कुणीही वळून बघितलं नाही. ऑपरेशननंतर इतक्या दिवसांत सरांना रडू आलं नव्हतं, ते आता यायला लागलं. त्यांनी पाठ फिरवली, खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'थांबा. चूक माझी आहे.'

पोरं थांबली. बुधाजी सरांची चूक, ही गोष्ट शाळेत नवीन होती.

शेवटच्या बाकावरून विनेश उठला. सावकाश चालत कल्पिताच्या यंत्रापाशी आला, वाकला, चौकटीतलं उत्तर बघितलं, खालचं वाक्य बघितलं, आणि परत उत्तर बघितलं.

"ही तर माजी चूक हाय," तो म्हणाला. "नेत्राची कवापासून झाली?"

नेत्राबाई पुढं झाल्या. "विनेश, सरांचा दोष नाही. मीच काढायला सांगितलं तुझं नाव. तू आता अध्यक्ष, पोरांसमोर ते बरं दिसलं नसतं."

"तुला कुनी सांगितला मना बरा वाटनार न्हाय म्हनून?" विनेशचा आवाज चढला. "परवाची गोष्ट. बंदराच्या गेटवर माजा एक नवा ड्रायवर हुबा. पयला कागद दाखवला, तिसरा दाखवला, मधला गाडीत इसरला. गेटवरचा मानूस त्याला काय बोल्ला म्हायती हाय? 'विनेशची चूक केलीस क रं!' त्या ड्रायवरला ठावं न्हाय का विनेश म्हंजे त्याचाच शेट! मी बाजूला हुबा राहून हसलो. घरी येऊन बायकोला सांगितला." तो सरांकडे वळला. "ट्रेलरवर माजा नाव हाय ते मी पैसं देऊन रंगवून घेतलाय सर. ह्या एकाच गोष्टीवर दुसऱ्या कुनी माजा नाव लावला. आनि तुमी तीच काढलीव?"

एवढं बोलून त्या धिप्पाड माणसानं कल्पिताच्या पडद्याकडे बोट दाखवलं.

सर कल्पिताच्या खुर्चीवर बसले. कल्पिता सरकून बाजूला उभी राहिली. त्यांनी वाक्यांची यादी उघडली, अगदी वरच्या जागी विनेशचं वाक्य शब्दन् शब्द परत लिहिलं, खुणेनं बंद केलं आणि पान ताजं केलं. मग कल्पिताला बोटानं दाखवलं, टाक परत. तिनं x² + 9 टाकलं. वाक्य आलं. ते वाचायला तिनं तोंड उघडलं, पण विनेशनं तिला थांबवलं.

"मी वाचतंय," तो म्हणाला. आणि त्यानं ते वाचलं: सगळ्या खोलीत घुमेल अशा आवाजात, 'मामा'वर तस्साच जोर देऊन, जसा सर त्याच्या आठवीत द्यायचे. नेत्राबाईंनाही हसू आवरेना. सरांनी मान खाली घातली. आपला आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"ते शिट्टीवाला पॅकेज नको," विनेश नेत्राबाईंना म्हणाला. "सोमवारपासून सरांचेच धडे लावा. आनि तुजा नाव पन ऱ्हाऊदे, बरा दिसतंय."

पोरं पुन्हा कामाला लागली. आता प्रत्येकाला आपापल्या चुकीचं वाक्य मिळत होतं, आणि मुद्दाम दुसरी चूक करून दुसरं वाक्य बघायचा नवाच उद्योग सुरू झाला. सर बाकांमधून फिरत होते. एका कोपऱ्यात प्राप्ती नावाची बारीकशी पोरगी तोंड फुगवून बसली होती. तिच्या पडद्यावर कोरडं ठणठणीत 'चूक. पुन्हा कर.' एवढंच होतं.

"सर, सगळ्यांच्या चुकीला नाव हाय. माज्या चुकीला न्हाय."

सर वाकले. चौकटीत x² + 11 होतं. त्यांनी चष्मा सारखा केला. इतकी वर्षं शिकवलं, हजारो वह्या तपासल्या, पण अकरा? अकरा त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

"कुठून आणलंस हे?" ते कुजबुजले.

"सूत्रात दोन हाय ना, सर? मग नवात दोन मिळवलं."

सरांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून प्राप्तीलाच नवल वाटलं. रागावतील म्हणून ती बसली होती, आणि सर पेढा मिळाल्यासारखे दिसत होते. त्यांनी तिथल्या तिथे धडा उघडला, राशींच्या यादीच्या शेवटी x² + 11 लिहिलं, आणि मग न विसरता वाक्यांच्या यादीच्याही शेवटी आले.

"पुरा नाव लिवा सर," ती म्हणाली. "वर्गात दोन प्राप्ती हायत."

सरांनी पुरं नाव लिहिलं. प्राप्ती गावंडची चूक. तिनं ते दोनदा वाचून घेतलं, समाधानानं मान हलवली आणि मग विचारलं, "पर सर, अकरा का न्हाय?"

सर फळ्याकडे गेले आणि त्यांनी एक चौकोन काढून त्याचे चार तुकडे पाडले. बोलायला लागले ते त्याच कुजबुजीत, दुसरं होतं काय त्यांच्याकडे? पुढच्या पोरांनी मागच्यांना गप्प केलं. मागची पोरं उठून पुढं आली आणि फळ्याभोवती खाली बसली. विनेशचा मोबाईल वाजला. त्यानं बघितलं, बंदरावरून होता. त्यानं तो बंदच करून खिशात टाकला आणि पोरांच्या मागं मांडी घालून बसला, कारण लांबून सरांचं काही ऐकू येत नव्हतं.